निरोप निघाला, पोचला नाही: गिटलॅबच्या बॅकअपचं प्रकरण

प्रोग्रॅममधून शेल कमांड (ऑपरेटिंग सिस्टिमला मजकुरात दिलेली आज्ञा) चालवायची असेल तर तिचा एक्झिट कोड, म्हणजे संपताना ती मागे ठेवते तो यश-अपयशाचा आकडा, तपासा, हा सल्ला आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. नव्या मुलांना मीही तो देतो. पण हा सल्ला किती पुरतो आणि कुठे अपुरा पडतो, हे समजायला मला प्रोग्रॅमचा कोड ठेवायची सेवा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीचं २०१७ सालचं प्रकरण सगळ्यात उपयोगी वाटतं. कंपनीने सगळं उघड्यावर मांडलं, काम चालू असतानाची टिपणं लोकांना वाचायला दिली, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. त्यामुळे कुठली कमांड कुठे अडली, हे आपल्याला जवळजवळ ओळीओळीने पाहता येतं.

काय घडलं

३१ जानेवारी २०१७. गिटलॅब डॉट कॉमच्या डेटाबेसवर संध्याकाळपासून भार वाढला होता. एक कारण स्पॅम, दुसरं कारण एका कर्मचाऱ्याच्या खात्याचा डेटा मागच्या मागे पुसला जात होता. डेटाबेस पोस्टग्रेस या प्रोग्रॅमचा. मुख्य सर्व्हर एक, आणि तो पडला तर त्याची जागा घ्यायला दुसरा. भारामुळे दुसरा सर्व्हर इतका मागे पडला की त्याला हव्या असलेल्या नोंदी मुख्य सर्व्हरने तोवर पुसूनही टाकल्या होत्या. आता एकच उपाय उरला: दुसऱ्या सर्व्हरवरचा डेटा काढून टाकायचा आणि पीजी बेसबॅकअप ही कमांड वापरून मुख्य सर्व्हरवरून सगळं नव्याने आणायचं.

ही कमांड आधी सरळ नकार देत होती. मुख्य सर्व्हरवर एकाच वेळी किती प्रती खेचता येतील याची मर्यादा कमी होती. ती वाढवली तर पोस्टग्रेस पुन्हा सुरूच होईना, कारण जोडण्यांची मर्यादा ८,००० ठेवलेली होती आणि तेवढ्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमकडे साधनं नव्हती. ती २,००० वर आणली. सर्व्हर सुरू झाला. कमांड पुन्हा चालवली. या वेळी तिने एरर दिला नाही, पण दुसरं काहीच सांगितलं नाही. नुसती बसून राहिली.

काम करणारा इंजिनिअर खरं तर तेव्हा दिवसाचं काम संपवून उठणार होता. रात्र झाली होती. त्याला वाटलं, डेटाचं फोल्डर रिकामं असलं तरी जागेवर आहे, त्यामुळे कमांड अडत असेल. म्हणून ते फोल्डरच उडवायचं ठरवलं आणि आरएमची, म्हणजे फायली पुसायची, कमांड दिली. पण टर्मिनलची खिडकी होती मुख्य सर्व्हरची. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने कमांड तोडली. तोवर ३०० जीबींच्या आसपास असलेल्या डेटापैकी साडेचार जीबी शिल्लक होता.

यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेने तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. आपल्याकडे १ फेब्रुवारीची पहाट होत होती. त्या दिवशी पहिल्यांदाच केंद्रीय अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जाणार होता, आणि पुण्या-मुंबईत सकाळी कामाला बसून कोड चढवू पाहणाऱ्यांना साइट बंद दिसत होती.

चुकीच्या खिडकीत दिलेली कमांड, ही या प्रकरणातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट. लोक तीच सांगतात आणि टर्मिनलला लाल रंग देऊन मोकळे होतात. मला त्यात फारसा रस नाही. रात्री दमलेला माणूस कधी ना कधी चुकीच्या खिडकीत टाइप करणारच. बॅकअप असतो तो त्याच्यासाठीच. खरं प्रकरण त्यानंतर उलगडलं, जेव्हा मंडळी बॅकअप शोधायला गेली.

अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या साठवण सेवेवरचा बॅकअप ठेवायचा कप्पा रिकामा होता. जुना बॅकअप नाही, अर्धवट नाही. काहीच नाही.

पीजी डंप का चाललं नाही

दर चोवीस तासांनी पीजी डंप, म्हणजे पोस्टग्रेसची प्रत काढणारा प्रोग्रॅम, चालून डेटाबेसची प्रत एस-थ्री वर जाईल, अशी सोय केलेली होती. ती का चालली नाही याचं कारण अगदी साधं आहे.

गिटलॅबच्या पॅकेजमध्ये तेव्हा पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्या सोबत यायच्या, ९.२ आणि ९.६. जुन्यावरून नव्यावर जाणाऱ्यांना सोपं पडावं म्हणून. कुठली वापरायची हे पॅकेज कसं ठरवत असे? डेटाच्या फोल्डरमध्ये आवृत्तीचा आकडा लिहिलेली एक छोटी फाइल असते, ती वाचून. डेटाबेसच्या सर्व्हरवर ती फाइल होती, तिच्यात ९.६ होतं. पण बॅकअपचं काम चालायचं अ‍ॅप्लिकेशनच्या सर्व्हरवर. तिथे डेटाबेस नाही, म्हणून डेटाचं फोल्डर नाही, म्हणून ती फाइल नाही. फाइल नाही तर मग ९.२, असा ठरलेला नियम. परिणामी ९.२ चं पीजी डंप ९.६ च्या सर्व्हरशी बोलायला गेलं.

पीजी डंपचा यावरचा नियम कडक आहे आणि माझ्या मते अगदी योग्य आहे. आपल्यापेक्षा जुन्या सर्व्हरची प्रत ते काढून देतं. नव्या मुख्य आवृत्तीच्या सर्व्हरची काढत नाही. कारण नव्या सर्व्हरमध्ये काय काय बदललंय हे जुन्या प्रोग्रॅमला माहीत असणं शक्यच नाही, आणि अर्धीमुर्धी प्रत काढण्यापेक्षा नकार बरा. ते दोन ओळींत दोन्ही आवृत्त्या सांगतं, मेळ बसत नाही म्हणून थांबतोय असं लिहितं आणि एक्झिट कोड १ देऊन संपतं.

म्हणजे ज्या कमांडकडून चूक कळायला हवी होती, तिने ती सांगितली. शब्दांत सांगितली आणि आकड्यातही सांगितली. रोज.

आकडा कुणाला मिळतो

इथे जरा थांबून त्या आकड्याकडे नीट पाहू, कारण पुढचं सगळं त्याच्या प्रवासावर आहे.

युनिक्स किंवा लिनक्सवर चालणारी प्रत्येक प्रोसेस संपताना एक आकडा मागे ठेवते. तो एका बाइटमध्ये मावतो, म्हणजे ० ते २५५. ० म्हणजे काम झालं, बाकी कुठलाही म्हणजे काहीतरी बिघडलं. शून्य मार्क म्हणजे नापास अशी सवय असलेल्या आपल्या डोक्याला हे उलटं वाटतं, पण हिशेब सरळ आहे. काम नीट होण्याची तऱ्हा एक आणि बिघडण्याच्या अनेक, तेव्हा बाकीचे २५५ आकडे बिघाडाचे प्रकार सांगायला मोकळे ठेवले. कमांड सापडलीच नाही तर शेल १२७ देतं. सापडली पण चालवता आली नाही तर १२६. सिग्नलने मारली गेली तर १२८ मध्ये सिग्नलचा क्रमांक मिळवून. म्हणून मेमरी संपल्यावर कर्नलने ९ नंबरच्या सिग्नलने मारलेली कमांड शेलमध्ये १३७ दिसते. पायथन भाषेच्या सबप्रोसेसमधून ती थेट चालवली असेल तर तीच गोष्ट उणे ९ दिसते.

हा आकडा सगळ्या जगाला मिळत नाही. तो मिळतो फक्त त्या प्रोसेसला जन्म देणाऱ्या प्रोसेसला, आणि तिने विचारला तरच. तिने न विचारता पुढची ओळ चालवली तर आकडा गेला. नंतर तो कुठल्याही लॉगमध्ये शोधून सापडत नाही. म्हणूनच हा कोड मला सही लागणाऱ्या टपालासारखा वाटतो: घेणारा दारात हवा.

आता या बॅकअपमध्ये घेणारे किती होते ते मोजा. पीजी डंपचा आकडा घेणार बॅकअपचा प्रोग्रॅम. त्या प्रोग्रॅमचा आकडा घेणार क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम. क्रॉनकडून पुढे मेल. मेलकडून माणूस. चार हात.

पहिला हात: प्रोग्रॅमने आकडा घेतला का

बहुतेक प्रकरणांत गाडी इथेच घसरते. डेटाबेसची प्रत काढून ती लगेच आवळायची असते, म्हणून लोक पीजी डंप आणि फाइल आवळणाऱ्या जीझिपच्या मध्ये पाइपची उभी रेघ (एकाचं आउटपुट दुसऱ्याला देणारी) टाकून सगळी ओळ एकाच स्ट्रिंगमध्ये लिहितात आणि रूबीच्या सिस्टिमला किंवा पायथनच्या ओएस डॉट सिस्टिमला देऊन टाकतात. निकाल तपासतातसुद्धा! पण पाइपलाइनचा निकाल म्हणून शेल फक्त शेवटच्या कमांडचा आकडा परत देतं. पीजी डंप १ देऊन मेलं, जीझिपला इनपुट रिकामं मिळालं, त्याने रिकामं इनपुट व्यवस्थित आवळलं आणि ० दिला. प्रोग्रॅमच्या दृष्टीने सगळं छान.

रिकाम्या इनपुटपासून जीझिप जी फाइल बनवतं ती २० बाइटची असते. दहा बाइटचा मथळा, दोन बाइटचा रिकामा मजकूर, आठ बाइटची शेपटी. बॅकअपच्या फोल्डरमध्ये २० बाइटच्या फायलींची रांग दिसली तर पुढे काही तपासायची गरज नाही, काय झालंय ते तुम्हाला कळलंय.

याहून वाईट तऱ्हा म्हणजे डंप अर्ध्यात मेलं तर. तेव्हा फाइल चांगली जाडजूड असते. जीझिपला वाटतं इनपुट संपलं, ते शेपटी लावून फाइल बंद करतं, आणि जीझिपची स्वतःची तपासणीही ती फाइल पास करते. आवळलेलं पाकीट शाबूत असतं, आतलं पत्र अर्धं असतं. पीजी डंपच्या साध्या मजकुराच्या प्रतीत शेवटी डंप पूर्ण झाल्याची एक ओळ येते, मायएसक्यूएल डंपमध्येही येते. ती ओळ आहे का एवढं पाहिलं तरी हा प्रकार पकडता येतो.

बॅश या शेलमध्ये यावर पाइपफेल नावाची सोय आहे. ती लावली की पाइपलाइनमधली कुठलीही कमांड फेल गेली तरी एकूण निकाल फेल येतो. पण इथे एक खाच आहे आणि ती चांगल्या चांगल्या लोकांना लागते. पायथनमधून किंवा रूबीमधून स्ट्रिंग दिली की ती बॅशकडे जात नाही, एसएच कडे जाते. उबुंटूवर २००६ पासून एसएच म्हणजे डॅश नावाचं छोटं शेल, आणि त्यात पाइपफेल वर्षानुवर्षं नव्हतं. युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या पोझिक्स या मानकातही ते २०२४ च्या आवृत्तीत आलं. तेव्हा टर्मिनलवर हाताने चालवलेली ओळ एक वागते आणि प्रोग्रॅममधून चालवलेली तीच ओळ वेगळी वागते. पायथनमध्ये बॅश हवं असेल तर ते नाव घेऊन सांगावं लागतं.

गिटलॅब आपल्या ग्राहकांना जो बॅकअपचा प्रोग्रॅम देत असे, त्याचा त्या काळातला कोड मी याच शंकेने पाहिला होता. वाटलं, इथेच सापडणार. पण तो कोड चांगला आहे. त्यात शेलला मध्ये घेतलेलंच नाही. रूबीमध्ये पाइप स्वतः बनवला आहे, जीझिप आणि पीजी डंप या दोन प्रोसेस वेगवेगळ्या सुरू केल्या आहेत, मग दोघांचेही प्रोसेस क्रमांक धरून दोघांची वाट पाहिली आहे, आणि दोघांचा आकडा ० असेल तरच काम झालं असं मानलं आहे. नसेल तर बॅकअप फेल गेल्याचं लिहून प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि स्वतः १ देतो. कुणी मला विचारलं की पाइपलाइनचे एक्झिट कोड प्रोग्रॅममधून कसे तपासावेत, तर मी हाच तुकडा दाखवीन.

पायथनवाल्यांसाठी याच टप्प्यावरची एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती मी खूप ठिकाणी पाहिली आहे. लिनक्सवर ओएस डॉट सिस्टिम जे परत देतं तो एक्झिट कोड नसतो. ती कर्नलची सोळा बिटांची नोंद असते, वरच्या बाइटमध्ये कोड आणि खालच्या बाइटमध्ये सिग्नल. म्हणून १ देऊन मेलेल्या कमांडसाठी तिथे २५६ दिसतं. इथवर ठीक, शून्य नाही एवढं तरी कळतं. पण काही जण तोच आकडा उचलून सिस डॉट एक्झिटला देतात, म्हणजे आतली कमांड फेल तर आपणही फेल. एक्झिट कोड एका बाइटचा. २५६ चा खालचा बाइट शून्य. आतली कमांड १ देऊन मेली, बाहेर ० गेला. नेमकं निरोप पुढे पोचवायला म्हणून लिहिलेल्या ओळीनेच तो पुसला. सबप्रोसेसचं रन फंक्शन ३.५ पासून आहे, त्यात चेक खरं ठेवलं की फेल गेलेल्या कमांडवर एक्सेप्शन उडतं. नव्या कोडमध्ये ओएस डॉट सिस्टिम वापरायचं आता मला एकही कारण दिसत नाही.

दुसरा हात: क्रॉन

प्रोग्रॅमने १ दिला. तो घेणारा क्रॉन. आणि क्रॉनला या आकड्याचं काही सोयरसुतक नसतं. हे अनेकांना धक्का देणारं आहे, पण जुन्या क्रॉनचा नियम फक्त एवढाच आहे: कामाने काही लिहून बाहेर टाकलं तर ते मेल करायचं, काही लिहिलं नाही तर गप्प. १ देऊन मुकाट्याने मेलेलं काम क्रॉनच्या लेखी यशस्वी कामासारखंच असतं. आणि ० देऊन भरपूर बडबड करणारं काम रोज मेल पाठवतं. त्या रोजच्या मेलला कंटाळून माणसं ओळीच्या शेवटी सगळं आउटपुट नल डिव्हाइसकडे, म्हणजे सगळं गिळून टाकणाऱ्या फाइलकडे, वळवतात, आणि मग खऱ्या एररचे शब्दही तिकडेच जातात.

म्हणजे आकड्याचा प्रवास क्रॉनपाशी संपतो. पुढे जे जातं ते शब्द. लिनक्सवर क्रॉनच्या जागी वापरता येणाऱ्या सिस्टिमडीच्या टायमरमध्ये हे सुधारलंय, तिथे काम फेल गेलं तर दुसरं काम सुरू करायची सोय आहे आणि ती एक्झिट कोडवरच चालते. एकट्या या कारणासाठीही बॅकअप क्रॉनवरून टायमरवर हलवणं मला पटतं.

गिटलॅबकडे एरर आलेल्या क्रॉनच्या कामांची मेल पाठवायची सोय चालू होती. म्हणजे दुसऱ्या हातानेही आपलं काम केलं होतं. निरोप निघाला.

तिसरा हात: मेल

तो मेल पोचला नाही.

गिटलॅब डॉट कॉमच्या नावाने कुणी खोट्या मेल पाठवू नयेत म्हणून कंपनीने डीमार्क लावलेलं होतं. ज्या मेलवर त्या डोमेनची खरी खूण नाही, ती घेणाऱ्याने नाकारावी, असा त्याचा अर्थ. सुरक्षेच्या दृष्टीने अगदी योग्य पाऊल. पण सर्व्हरवरून क्रॉन जे मेल पाठवत होता त्यांच्यासाठी ती खूण लावायची राहिली होती. त्यामुळे स्वतःच्याच सर्व्हरचे मेल खोटे समजून नाकारले गेले.

हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं होतं. कुणी आळस केला म्हणून नव्हे. पीजी डंप बरोबर वागलं. क्रॉन बरोबर वागला. डीमार्क बरोबर वागलं. प्रत्येक जण आपापल्या नियमाने चालला आणि मिळून बॅकअप नसल्याची बातमी अडवून बसला. कोडमध्ये शोधून ही चूक सापडली नसती, कारण ती कुठल्याच एका फायलीत नव्हती.

साध्या सर्व्हरवर याचंच आणखी साधं रूप दिसतं. मेल पाठवणारा प्रोग्रॅमच बसवलेला नसतो. डेबियन किंवा उबुंटूचा क्रॉन तेव्हा सिस्टिमच्या लॉगमध्ये एक ओळ लिहितो की मेल पाठवायची सोय नाही, आउटपुट टाकून देतो आहे. आपल्या सर्व्हरच्या लॉगमध्ये ही ओळ आहे का, हे आत्ता जाऊन पाहण्यासारखं आहे.

दोन गप्प कमांडी

आता पुन्हा त्या रात्रीकडे या. पीजी बेसबॅकअप गप्प बसली होती आणि इंजिनिअरने त्याचा अर्थ लावला की काहीतरी अडलंय. नंतर कळलं की काहीच अडलं नव्हतं. मुख्य सर्व्हर प्रत द्यायला तयार होईपर्यंत ही कमांड थांबते, आणि थांबताना काही सांगत नाही. कामाची पद्धतच तशी. आणखी वाट पाहिली असती तर डेटा यायला लागला असता.

म्हणजे एक कमांड नीट चालली होती आणि तिच्या गप्प बसण्याला बिघाड समजलं गेलं. दुसरी कमांड रोज फेल जात होती आणि तिच्याकडून काही ऐकू येत नाही याला सगळं आलबेल समजलं गेलं. या प्रकरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही आहे. त्या घटनेवर लिहिताना लोक या दोन शांतता वेगवेगळ्या ठेवतात. माझ्या लेखी ती एकच चूक आहे. शांततेला आपण आपल्या मनातला अर्थ देतो, आणि तो अर्थ त्या क्षणी आपल्याला कशाची भीती आहे त्यावर ठरतो.

एक्झिट कोड शांततेचा प्रश्न निम्माच सोडवतो. प्रोसेस संपल्यावर तो निकाल देतो. अजून चालू असलेल्या प्रोसेसला एक्झिट कोडच नसतो, त्यामुळे प्रोग्रॅममधून कमांड चालवताना तिला वेळेची मर्यादा न घालणं म्हणजे अर्धीच तपासणी. पायथनच्या रनमध्ये टाइमआउट देता येतो, शेलमध्ये टाइमआउट नावाची कमांडच आहे आणि वेळ संपली तर ती १२४ देते. आणि जे काम सुरूच झालं नाही, क्रॉनची ओळ कुणी चुकून पुसली, सर्व्हरच बंद होता, तिथे तर कुठलाच कोड जन्माला येत नाही.

शून्यावरही डोळे मिटून भरवसा नको

आकडा तपासायचा म्हटलं की काही जण उत्साहाने प्रत्येक कमांडवर एकच नियम लावतात: शून्य नसेल तर थांब. मग मजकुरात शब्द शोधणाऱ्या ग्रेपला शब्द सापडला नाही आणि त्याने १ दिला की सगळी स्क्रिप्ट मरते. ग्रेपचा १ म्हणजे सापडलं नाही, खरी गडबड झाली तर २. दोन फायलींतला फरक दाखवणाऱ्या डिफचंही तसंच. फायलींची प्रत करणारं आरसिंक चालू असताना एखादी फाइल मध्येच नाहीशी झाली तर २४ येतो, आणि चालत्या सर्व्हरवर ते होतंच. विंडोजचा प्रती करणारा रोबोकॉपी तर ८ च्या खालच्या सगळ्या आकड्यांना यशच मानतो. अशी एक-दोनदा उगाच स्क्रिप्ट मेली की वैतागून ओळीच्या शेवटी काही झालं तरी खरं मान अशी शेपटी जोडली जाते, आणि तिथून पुढे खरे एररही गिळले जातात. कमांडच्या मॅन्युअलमध्ये एक्झिट स्टेटसचा परिच्छेद असतो. तो वाचायला दोन मिनिटं लागतात.

उलट बाजू जास्त धोक्याची. वेबवरून पान आणणाऱ्या कर्लने आणलेलं पान ४०४ चं, म्हणजे मागितलेलं सापडलं नाही असं सांगणारं, असलं तरी कर्ल ० देतं, कारण त्याच्या मते त्याने पान आणलं. फेलचा पर्याय दिला तरच २२ येतो. आणि बॅकअपच्या संदर्भात सगळ्यात घातक म्हणजे पीएसक्यूएल, पोस्टग्रेसला कमांड देणारा प्रोग्रॅम. बॅकअपची फाइल त्याला दिली आणि मध्ये शंभर ओळींवर एरर आले तरी ते पुढे चालत राहतं आणि शेवटी ० देतं. एररवर थांब असं व्हेरिएबल लावून सांगितलं तर ते थांबतं आणि ३ देतं. बॅकअप परत चढवून पाहिला, एक्झिट कोड शून्य आला, म्हणून निर्धास्त झालेल्या माणसाला हे माहीत असायलाच हवं.

त्या रात्री उरलं काय

नियमित पद्धतींपैकी हाताशी काहीच नव्हतं. त्यांच्या टिपणात स्पष्ट लिहिलंय की बॅकअपच्या आणि प्रतींच्या पाच पद्धतींपैकी एकही भरवशाने चालत नव्हती, किंवा मुळात लावलेलीच नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउडवरची डिस्कची छायाप्रत फाइल सर्व्हरसाठी चालू होती, डेटाबेससाठी नव्हती. चोवीस तासांनी निघणारी एक एलव्हीएम प्रत (लिनक्सच्या डिस्क सांभाळणाऱ्या सोयीने काढलेली) होती, पण ती स्टेजिंगसाठी, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरसाठी.

वाचवलं ते योगायोगाने. त्याच दिवशी संध्याकाळी, यूटीसी ५ वाजून २० मिनिटांच्या सुमारास, त्याच इंजिनिअरने एका वेगळ्या प्रयोगासाठी हाताने एक एलव्हीएम प्रत काढून स्टेजिंगवर चढवली होती. म्हणून चोवीस तासांऐवजी साधारण सहा तासांचा डेटा गेला. स्टेजिंगची डिस्क हळू होती, तिथून डेटा परत आणायला बरेच तास लागले, आणि साइट १ फेब्रुवारीच्या रात्री, आपल्या वेळेने बारा वाजायच्या आत, पुन्हा उभी राहिली. त्या सहा तासांत तयार झालेले किंवा बदललेले किमान ५,००० प्रोजेक्ट, ५,००० कॉमेंट आणि ७०० च्या आसपास नवी खाती गेली. गिटमधला कोड वेगळ्या ठिकाणी असल्यामुळे वाचला.

नंतरच्या सुधारणांची यादी लांब आहे. टर्मिनलवर सर्व्हर ठळक दिसावा, एलव्हीएम प्रत दर तासाला निघावी, वगैरे. त्यातल्या तीन मला जपून ठेवण्यासारख्या वाटतात. बॅकअपवर प्रोमिथियस या देखरेखीच्या प्रोग्रॅमची नजर ठेवायची. बॅकअप आपोआप परत चढवून रोजच्या रोज तपासायचा. आणि डेटा टिकण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहायची.

पहिली सुधारणा बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण ती निरोपाची दिशाच उलटी करते. फेल झालो तर सांगीन, या व्यवस्थेत निरोप वाटेत हरवला की सगळं ठीक असल्यासारखं दिसतं. त्याऐवजी प्रत्येक यशस्वी बॅकअपनंतर वेळ आणि फाइलचा आकार नोंदवायचा, आणि लक्ष ठेवणाऱ्या वेगळ्या यंत्राने ठरवायचं की शेवटची यशाची नोंद २५ तासांहून जुनी असेल तर फोन वाजवायचा. आता प्रोसेस अडकली, क्रॉनची ओळ पुसली, मेल नाकारला गेला, सर्व्हर बंद पडला, काहीही झालं तरी परिणाम एकच: नोंद आली नाही, फोन वाजला. लागणारा कोड दहा-पंधरा ओळींचा आहे. एक्झिट कोडची तपासणी त्यातही लागतेच, कारण यशाची नोंद करायची की नाही हे ठरवणार तोच आकडा.

फाइलच्या बाबतीतही तोच क्रम ठेवावा. डंप आधी तात्पुरत्या नावाने लिहायचा. सगळे कोड शून्य, आकार कालच्याच्या आसपास, शेवटची ओळ जागेवर, एवढं पाहून मगच खरं नाव द्यायचं. जुने बॅकअप पुसायचे ते त्यानंतर. गिटलॅबच्या टिपणात अशी शंका नोंदवलेली आहे की एस-थ्री वरच्या जुन्या फायली आपोआपच्या साफसफाईत गेल्या असाव्यात. नवा आला की नाही हे न पाहता जुना पुसणारी साफसफाई वेळेवर चालते, आणि म्हणूनच भीती वाटते.

आपल्या व्यवस्थेचे सगळे हात शाबूत आहेत का हे पाहायची माझी पद्धत सांगतो. लिनक्सवर फॉल्स नावाची कमांड आहे. तिचं काम एवढंच: काहीही न लिहिता १ देऊन संपायचं. एखाद्या मंगळवारी, सगळे ऑफिसात असताना, बॅकअपच्या प्रोग्रॅममध्ये डंपच्या कमांडच्या जागी फॉल्स ठेवा. कुणाला सांगू नका, फक्त ज्याच्या नावावर बॅकअपची जबाबदारी आहे त्याचा फोन टेबलावर दिसेल असं बसा, आणि फोन वाजायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा.